भाचीच्या लग्नाचा केक

आमच्या उत्तन-गोराई पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाची तारीख चर्चचं कॅलेंडर बघून ठरते. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, लग्न लावत नाहीत, नाताळच्या आधीच्या आगमनकाळातही टाळतात. पावसात अंगणात मांडव कसा घालणार, म्हणून तेही महिने बाद. उरतात ते नाताळनंतर राखेच्या बुधवारपर्यंतचे, म्हणजे उपवासकाळ सुरू होईपर्यंतचे, आठवडे आणि मग ईस्टरपासून पाऊस सुरू होईपर्यंतचे. बहिणीने लेकीचं लग्न जानेवारीत धरलंय हे कळलं तेव्हा माझ्या मनात आधी हवाच आली. समुद्र दारात असूनही जानेवारीत आमच्याकडे हवा कोरडी असते, पहाटे उत्तरेचं गार वारं सुटतं. मे महिन्यात जे आयसिंग दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतं, ते जानेवारीत रात्रीतून खडखडीत वाळतं. केक करणाऱ्या बाईला याहून चांगला महिना नाही.

भाचीने एवढंच सांगितलं, “मावशी, केक तूच कर. आणि खालपासून वरपर्यंत खरा कर.”

हे वेगळं सांगावं लागतं, कारण हल्ली हॉलच्या पॅकेजमध्येच केक येतो. पाच मजली, पांढराशुभ्र, लांबून फार देखणा. आत थर्मोकोल. एका बाजूला खाच ठेवलेली असते, त्यात स्पंजचा तुकडा बसवतात, नवरा-नवरी तेवढ्यातच सुरी घालतात. फोटो होतो आणि तोच केक पुढच्या शनिवारी दुसऱ्या लग्नात उभा राहतो. पाहुण्यांना आतून कापलेली पेस्ट्री मिळते. पैसे वाचतात, धावपळ वाचते, आणि ज्या घरात माणसंच कमी उरली आहेत त्यांनी हे केलं तर मी त्यांना नाव ठेवणार नाही. पण ज्या घरात चार बायका अजून एकत्र बसू शकतात, तिथे खऱ्या केकबरोबर आणखी एक गोष्ट घडते. ती थर्मोकोलने घडत नाही. त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

आधी हा केक आमच्यात आला कुठून ते थोडं. आम्ही ईस्ट इंडियन. मुंबई, साष्टी, वसई, ठाणे या भागातले मूळचे, मराठी बोलणारे कॅथलिक. हे नाव आमच्या लोकांनी १८८७ साली घेतलं, व्हिक्टोरिया राणी गादीवर बसल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागचा विचार. आणि लग्नाच्या पांढऱ्या केकचा थाटही त्याच राणीच्या नावाशी जोडलेला आहे. १० फेब्रुवारी १८४० ला तिचं लग्न झालं. तो केक सुमारे तीनशे पौंडांचा, म्हणजे १३६ किलोच्या आसपास होता. अंड्याच्या पांढऱ्याचं ते कडक शुभ्र आयसिंग पुढे ‘रॉयल’ म्हणून जगभर गेलं. फळांच्या केकवर बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा थर ही रीत मात्र त्याच्याही आधीची. मँचेस्टरला मिठाईचं दुकान चालवणाऱ्या एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनी १७६९ सालीच ती कृती छापली होती.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १८५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात जो मजल्यांचा केक झाला, त्यात खालचा मजलाच केकचा होता, वरचे नुसते साखरेचे. सगळे मजले खऱ्या केकचे असलेला राजघराण्यातला केक आला तो १८८२ मध्ये, राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग करायलाच बंदी होती, लोक पुठ्ठ्याचं नाहीतर प्लॅस्टरचं पांढरं आवरण भाड्याने आणायचे आणि त्याखाली छोटासा केक ठेवायचे. म्हणजे दिखाव्याचा केक ही काही आपल्या हॉलवाल्यांनी काढलेली युक्ती नाही. तेव्हा कारण साखरेच्या टंचाईचं होतं. आपल्याकडे साखर भरपूर आहे.

माझी आई केक शिकली ती वांद्र्याच्या एका शेजारणीकडून. ती बाई लग्नांचे केक करून द्यायची. आईकडे तिची नोझल्स होती, आयसिंगची नक्षी काढायची पितळेची टोकं, ती आता माझ्याकडे आहेत. आईचं प्रमाण मी अजून बदललेलं नाही. बारा, नऊ आणि सहा इंचांचे तीन मजले करायचे तर सुकी फळं चार किलो, लोणी दीड किलो, साखर दीड किलो, मैदा आणि रवा मिळून दीड किलो, अंडी तीस. रवा थोडाच, पण हवाच. त्याने केकला कापताना धरून ठेवणारा कणीदारपणा येतो. फळांत काळ्या मनुका, बेदाणे, बिया काढलेला खजूर, चेरी आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल. टुटीफ्रुटी मी घालत नाही, तिला चव नाही. रंगासाठी जाळलेली साखर. कढईत साखर काळपट होईपर्यंत वितळवायची आणि मग कढत पाणी बेतानं ओतायचं. हे करताना मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढावं, पाणी पडताच साखर उसळते.

फळं निदान महिना-दीड महिना रममध्ये मुरायला हवीत. म्हणजे जानेवारीच्या लग्नाची फळं नोव्हेंबरात चिरायला बसायचं. आणि मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते इथेच आहे.

आमच्या घरी फळं चिरण्याची संध्याकाळ असते. चार किलो फळं एकटीने चिरणं शक्य आहे, पण कुणी करत नाही. बहीण येते, तिच्या नणंदा येतात, शेजारच्या म्हाताऱ्या येतात. जमिनीवर चटई, मध्ये परात, प्रत्येकीपुढे आपापली विळी नाहीतर सुरी. खजुराच्या बिया काढताना हात चिकट होतात, ते पाण्यात बुडवायला शेजारी वाडगा. आणि हात कामात गुंतले की म्हाताऱ्या गायला लागतात. गाणी उंबराच्या पाण्याची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उंबराचं पाणी हा आमच्या लग्नातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका विधी. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या आणि गावातल्या बायका लुगडी नेसून, हंडे-कळशा घेऊन, पुढे बँड लावून वाजतगाजत विहिरीवर जातात. पाणी काढतात, गातात, नाचतात, आणि ते पाणी घरी आणून त्याने नवरीला अंघोळ घालतात. नवऱ्याच्या घरी त्याचीही अशीच. यात पाद्री नाही, वेदी नाही, सगळं बायकांच्या हातात. आमचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, पण विहिरीवर जाणं त्यांनी सोडलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या गावठाणातली विहीर बुजली. तिथे आता नळाखाली कळशी धरतात, पण बँड तोच, लुगडी तीच.

विधीपेक्षा गाणी लवकर विसरली जातात. ती कुठे लिहिलेली नाहीत. त्यांत त्या-त्या घरची नावं गुंफायची असतात, नवरीच्या आईचं, मामाचं, करवलीचं, आणि ती जागच्या जागी बसवावी लागतात. बँड वाजायला लागला की शिकवायला कुणाला उसंत नसते. ऐन विहिरीवर पोरी मोबाइल धरून उभ्या राहतात, कारण त्यांना शब्दच येत नाहीत. पण फळं चिरताना तीन-तीन तास बसावं लागतं. तिथे एक म्हातारी ओळ म्हणते, दुसरी उचलते, तिसरी म्हणते की आमच्याकडे असं नाही, असं म्हणतात, आणि मग त्यावर अर्धा तास जातो. मी स्वतः ही गाणी अशीच शिकले, मनुकांचे देठ काढता काढता. यंदा भाचीच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. एक मुंबईच्या कॉलेजातली, मराठी वाचायला अडखळणारी. तिने वहीत रोमन अक्षरांत सगळं उतरवून घेतलं आणि आदल्या दिवशी विहिरीवर तीच सगळ्यांत पुढे होती.

म्हणून मी म्हणते की केक हवं तर बाहेरून करून घ्या, पण निदान फळं घरी चिरा. कुणाच्याही भट्टीत भाजा, पण ती संध्याकाळ सोडू नका.

भट्टीवरून आठवलं. पूर्वी बारा इंची टिन घरच्या ओव्हनमध्ये मावायचाच नाही. आई मिश्रण टिनात भरून बेकरीत घेऊन जायची. पहाटेचा पाव निघाला की भट्टी उतरत्या आचेवर येते, आणि फळांच्या केकला नेमकी तशीच आच लागते, सौम्य आणि लांब. आता लाकडाच्या भट्ट्या जात चालल्या आहेत. मुंबईत तर उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणापायी बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ते योग्यच आहे, त्या धुरात काम करणाऱ्यांची फुप्फुसंही महत्त्वाची आहेत. मी मोठ्या विजेच्या ओव्हनमध्ये १४० अंशांवर भाजते. टिनाला आतून दुहेरी ब्राऊन पेपर, बाहेरून वर्तमानपत्राची जाड पट्टी दोऱ्याने बांधलेली, म्हणजे मधला भाग शिजेपर्यंत कडा करपत नाहीत. मिश्रण भरल्यावर मध्ये किंचित खळगा करायचा, केक सपाट फुगतो. मोठ्याला चार तासांच्या वर लागतात. बाकी भाजण्यात विशेष काही नाही, धीर धरायचा. गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून, आठवड्याला चमचा-दोन चमचे रम पाजत ठेवायचा.

खरं काम त्यानंतरचं.

मार्झिपान, म्हणजे आयसिंगच्या खाली बसणारा दळलेल्या मेव्याचा आणि साखरेचा थर, आम्ही काजूचं करतो. विलायतेत ते बदामाचं, पण आमच्याकडे ईस्टरच्या अंड्यांपासून नाताळच्या खाऊपर्यंत सगळं काजूचंच असतं, आणि मला त्याची चवच जास्त आवडते, गोडाआड दुधाळ. काजू बारीक दळायचे, पण मिक्सर थांबत-थांबत फिरवायचा. सलग फिरवला की तेल सुटतं आणि हे तेल पुढे घात करतं. साखर, अंड्याचा पांढरा भाग, गुलाबपाणी, दोन थेंब बदामाचा इसेन्स, मंद आचेवर गोळा होईपर्यंत. केक उलटा ठेवायचा, म्हणजे तळाची सपाट बाजू वर येते. त्याला जर्दाळूचा जॅम कोमट करून लावायचा आणि लाटलेलं मार्झिपान चढवायचं. मग हात मागे घ्यायचा. निदान दोन दिवस ते उघड्यावर सुकू द्यायचं, नाहीतर काजूचं तेल वर झिरपून पांढऱ्या आयसिंगवर पिवळे डाग उमटतात. घाईच्या केकचे डाग लग्नाच्या फोटोत जन्मभर राहतात.

रॉयल आयसिंगचं प्रमाण चार अंड्यांच्या पांढऱ्याला सुमारे नऊशे ग्रॅम आयसिंग शुगर, थोडा लिंबाचा रस. कच्च्या अंड्याची भीती वाटत असेल तर सुकवलेल्या पांढऱ्याची मेरिंग पावडर मिळते, तीही चालते. भांडं, चमचा, सगळं आधी लिंबाने पुसून घ्यायचं, कारण तुपाचा नुसता ओशटपणा असला तरी पांढरं फुगत नाही. केकवर फासायच्या आयसिंगमध्ये चमचाभर ग्लिसरीन, म्हणजे ते दगडासारखं कडक होत नाही. नक्षीच्या आयसिंगमध्ये ग्लिसरीन नाही, तिथे ते कडकच हवं. तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायचा आणि मऊ ब्रशने झटकायचा. वरचा भाग लांब स्टीलच्या पट्टीने एका दमात ओढायचा. मध्ये थांबलात की तिथे रेघ. भांड्यावर कायम ओलं फडकं, नाहीतर कवची धरते आणि ती कवची नेमकी नोझलमध्ये अडकते.

फॉन्डंटने, म्हणजे लाटून केकवर पसरायच्या साखरेच्या मऊ पिठाने, हे सगळं तासाभरात झाकता येतं हे मला माहीत आहे, उन्हाळ्यातल्या लग्नांना मीही ते वापरते. पण रॉयल आयसिंगची धार फॉन्डंटला नाही. कडेवर उजेड पडला की जी कुरकुरीत सावली पडते ती त्याचीच.

नक्षी कसली हवी हे भाचीला नीट ठाऊक होतं. तिला केकवर गुलाब नको होते. तिला आजीच्या लुगड्याच्या चौकटी हव्या होत्या आणि मोगरा. आमचं लुगडं लाल चौकटीचं, पण लाल रंग मी केकवर घालायला तयार नव्हते, जरा दमट झालं की तो पांढऱ्यावर पसरतो. आम्ही पांढऱ्यावर पांढरं काढायचं ठरवलं. खालच्या मजल्याभोवती एक नंबरच्या नोझलने आडव्या-उभ्या रेघा, जाड-बारीक, अगदी त्या लुगड्यातल्या क्रमाने. लुगडं समोर दोरीवर टांगून मी धागे मोजत होते. रेघ काढताना नोझल केकला टेकवायचं नसतं. आधी टोक चिकटवायचं, मग हात उचलून दोरा हवेत सैल सोडत पलीकडे नेऊन अलगद बसवायचा. हात कापत असेल त्या दिवशी हे काम करूच नये.

मोगरा गमपेस्टचा. आयसिंग शुगर, अंड्याचं पांढरं आणि घट्टपणा आणणारी टायलोज पावडर मळली की लवचिक पीठ होतं, पाकळी कागदाइतकी पातळ होते. कळी सोपी, थेंबासारखी वळायची आणि तारेवर बसवायची. उमललेल्या फुलासाठी थेंबाच्या टोकाला कात्रीने चिरा द्यायच्या, एकेक पाकळी बोटाने चपटी करायची, आत दुसरा छोटा थर. सगळी फुलं सारखी केली तर ती दुकानातली वाटतात. काही अर्धी उघडी, काही मिटलेली, देठाजवळ फिकट हिरवा रंग कोरड्या ब्रशने. वास देता येत नाही, तेवढंच. तार केकमध्ये थेट खुपसायची नाही. स्ट्रॉचा तुकडा आत घालून त्यात तार, म्हणजे खाण्याला धातू लागत नाही. ही फुलं करायला भाची स्वतः संध्याकाळी येऊन बसायची. नवरीने आपल्या केकला हात लावू नये असं आमच्यात काही जणी म्हणतात. मी ते मानत नाही. तिने केलेल्या कळ्या मी मुद्दाम समोरच्या बाजूला लावल्या.

मजले चढवणं हे शेवटचं. फळांचा केक घट्ट असतो, तरी वरच्याचं वजन खालच्यावर सोडायचं नाही. खालच्या मजल्यात चार-पाच काड्या, केकच्या उंचीएवढ्या अचूक कापलेल्या, आणि वरच्या केकखाली त्याचा स्वतःचा पातळ पुठ्ठा. वजन काड्यांवरून सरळ खालच्या पाटावर जातं. आयसिंग झालेला केक फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका. बाहेर काढला की त्याला दव सुटतं आणि महिनाभराची नक्षी पाझरायला लागते.

उत्तनहून गोराईला मांडवात नेताना तिन्ही मजले वेगवेगळ्या खोक्यांत, गाडीच्या खाली सपाट जागेवर. सीटवर केक ठेवू नये, सीट मागे कलती असते. मांडवात पोहोचल्यावर चढवले, सांध्यांवर मोत्यांसारखे ठिपके काढले, मोगरा लावला. मागे फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, तळायला सुरुवात झाली होती, डुकराच्या मांसाचं सोरपोटेल आदल्या दिवसापासून मुरत होतं, आमच्या घरगुती बॉटल मसाल्याचा वास सगळ्या आळीत. केक कापताना सुरी खरोखर खालपर्यंत गेली. वाजंत्रीवाल्यांच्या गडबडीतही माझ्या बहिणीने मला बोटाने दाखवलं, बघ, गेली.

कापण्याची पण रीत आहे. फळांच्या केकचे त्रिकोण करत नाहीत. आधी इंचभर रुंद सरळ पट्ट्या, मग त्यांचे बोटाएवढे तुकडे, प्रत्येकाला वर आयसिंग आणि मार्झिपान यायलाच हवं. तीन मजल्यांचे दोनशेच्या आसपास तुकडे निघतात. जे आले त्यांना तिथे, जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांना बटर पेपरमध्ये गुंडाळून घरी. फळं चिरायला आलेल्यांचे वेगळे बाजूला काढतो, आणि ते जरा मोठे असतात. वरचा सहा इंची मजला भाचीने ठेवला आहे, पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत ठेवायची विलायती रीत आहे म्हणून. आपल्या हवेत तो फ्रीजरशिवाय टिकणार नाही. मी तिला आयसिंग काढून, नीट गुंडाळून, डबाबंद ठेवायला सांगितलं. वेळ येईल तेव्हा नवं आयसिंग करून देईन.

ईस्टरनंतर आमच्या आळीत आणखी एक लग्न आहे. त्यांना चॉकलेटचा स्पंज हवाय, पाच मजली. मी म्हटलं, चार मजले तुमच्या मनासारखे करते, सर्वांत वरचा तेवढा फळांचा ठेवा. फळं चिरायला तुमच्याच अंगणात बसू आणि ती नवऱ्या मुलाच्या आजीला बोलावून चिरू, तिला येतात ती गाणी आमच्यातल्या कुणालाच येत नाहीत. त्यांचं उत्तर अजून यायचंय.